मावशी, चतुर्थीला घरी जाऊ की नको?

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देतेय:

"मावशी, नमस्कार. वय २७. गाव देवगड तालुक्यात, सध्या कणकवलीत भाड्याने राहतो. गेल्या नोव्हेंबरात मी बाप्तिस्मा घेतला. कोणी पैसे दिले नाहीत की फसवलं नाही, दोन वर्षं वाचत होतो, प्रश्न विचारत होतो, शेवटी येशूवर विश्वास बसला. पहिले तीन-चार महिने पाय जमिनीवर नव्हते. आता प्रार्थनेला बसलो की शब्द येत नाहीत, काही वाटत पण नाही, आणि राग तर पहिल्यासारखाच येतो. चर्चच्या मंडळीतले सांगतात, चतुर्थीला घरी जाऊ नकोस. पुढच्या महिन्यातल्या सभेत स्टेजवर साक्ष दे, विश्वास कसा बसला ते सगळ्यांना सांग म्हणतात, व्हिडिओ काढणारेत. अजून एक गोष्ट आहे, ती कोणाला सांगितलेली नाही. सीझनला मी एका आंबा व्यापाऱ्याकडे पॅकिंग बघतो. या मे महिन्यात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरला, माझ्या हाताने भरला, त्यातल्या पस्तीस-चाळीस पेट्या माझ्याच ओळखीच्या गिऱ्हाइकांना गेल्या, पेटीमागे कमिशन घेतलं. मग मी कसला विश्वासी? आई कधी काही बोलली नाही. परवा फोनवर एवढंच म्हणाली, 'मी मेलंय काय माका अग्नी कोण देतलो?' मला उत्तर देता आलं नाही. — देवगडचा एक."

झिला, तुझं पत्र तीनदा वाचलं. चतुर्थीचा प्रश्न तू पहिला घातलास आणि पेटीची गोष्ट मध्येच कुठेतरी दडवून ठेवलीस, पण मी पेटीपासूनच सुरुवात करणार आहे, कारण मला वाटतं तुझी प्रार्थना तिथेच अडकलीय.

कर्नाटकचा आंबा वाईट नसतो, तिथल्या शेतकऱ्याने पण घाम गाळूनच तो पिकवलेला असतो. खोटं होतं ते पेटीवरच्या अक्षरात. २०१८ साली हापूसला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या नावाने. आपल्या तालुक्यातला बागायतदार वर्षभर फवारणी, राखण, थ्रिप्स, अवकाळी सगळं सोसून फळ काढतो आणि त्याच्याच नावाने दुसरं फळ विकलं जातं तेव्हा त्याचा भाव पडतो, म्हणजे तू नुसतं पुण्यातल्या गिऱ्हाइकाला नाही फसवलंस, शेजारच्या वाडीतल्या काकांना पण फसवलंस. हे मी तुला टोचायला लिहीत नाहीये, तुला आधीच टोचतंय म्हणून तर तू लिहिलंस. पण हे टोचणं नुसतं रडून, देवा क्षमा कर म्हणून मिटवायचं नाही एवढंच मला सांगायचंय.

लूकच्या शुभवर्तमानात १९ व्या अध्यायात जक्कय आहे बघ, जकातदारांचा मुख्य माणूस, झाडावर चढलेला. त्याची गोष्ट आपण लहान मुलांना सांगतो, झाडाचं चित्र रंगवायला देतो आणि पुढचं विसरतो. येशू त्याच्या घरी गेला, तर जक्कय आपणहून उठून म्हणाला की माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. येशूने त्याच्याकडे हिशोब मागितला होता असं तिथे कुठेच नाही. येशू घरात आला, म्हणून तो बोलला. मला तर नेहमी वाटतं की त्या दिवशी जक्कयची वही उघडली तेव्हा त्याचा विश्वास खरा झाला.

तुझ्याकडे पण वही आहे, नाहीतर फोनमध्ये नंबर आहेतच. एका रविवारी दुपारी बस आणि यादी कर, कोणाला किती पेट्या गेल्या, तुला किती सुटले. मग एकेकाला फोन कर. लांबलचक भाषण नको, बाप्तिस्म्याचं तर अजिबात काढू नकोस, सरळ सांग की मे महिन्यात तुम्हाला देवगडचा म्हणून जो माल दिला तो देवगडचा नव्हता, मला माहीत होतं, माझी चूक झाली, फरकाचे पैसे परत करतोय. एकदम जमणार नाहीत हे मला कळतं, २७ वर्षाचा पोरगा, भाड्याने राहणारा, तर दोन महिन्याला चार-पाच गिऱ्हाइकं असं कर, पुढचा सीझन संपायच्या आत संपव. कोणी शिव्या देईल. कोणी म्हणेल जाऊदे रे एवढं काय, तरी पैसे पाठवच. आणि व्यापाऱ्याला आत्ताच, सीझनच्या सहा महिने आधी सांगून टाक की पुढच्या वर्षी मी मिसळलेला माल भरणार नाही. तो काम देईल किंवा नाही देणार. नाही दिलं तर त्रास होईल, हे मी गोड करून सांगणार नाही. पण गावातल्या ओळखीच्या दोन-तीन बागांचा खरा माल घेऊन तू स्वतः थोड्या पेट्या विकू शकतोस, ज्या गिऱ्हाइकांना तू खरं सांगितलंस ना त्यातले अर्धे तरी तुझ्याकडून घेतील असं माझं मन सांगतं. आणि पिकवताना पण गवताच्या अढीतच पिकव, फळं पिकवायला कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे आणि त्या वाटेने घाई करणारे आपल्या आजूबाजूला आहेतच.

आता तू म्हणतोस, मग मी कसला विश्वासी. राग पण येतो, लबाडी पण झाली, ती पण बाप्तिस्म्यानंतर. अरे तू आंब्याच्या गावचा, तुला मी कलम कसं बांधतात ते सांगायचं का? कोय रुजवून पंधरा दिवसांचं रोप, वर तांबूस पानं, ते कापून त्यात हापूसची काठी खोचायची, पट्टी गुंडाळायची. काठी हापूसची पण मूळ रायवळच. आणि जोड धरला, वरून पालवी आली, सगळं छान झालं तरी जोडाच्या खालून रायवळचा फुटवा येतो की नाही? येतो. एकदा नाही, कितीदा तरी. म्हणून कोणी कलम उपटून टाकत नाही की हे खोटं कलम म्हणत नाही, नर्सरीतला माणूस येता-जाता तो फुटवा नखाने मोडतो आणि पुढे जातो. बघितला नाही, वाढू दिला, तर मात्र तो वरच्या काठीला खाऊन टाकतो. तुझा राग म्हणजे तो फुटवा आहे. आला की त्याच दिवशी मोड. ज्याच्यावर ओरडलास त्याला संध्याकाळच्या आत जाऊन भेट, माफी माग, उद्यावर ठेवू नकोस. मला बाप्तिस्मा घेऊन तेहेतीस वर्षं झाली आणि मी अजून मोडतेच आहे, फक्त आता फुटवा लवकर दिसतो.

आणि कलमाचंच आणखी एक, जे मला तुला सगळ्यात मनापासून सांगायचंय. नवीन कलम लावलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याला मोहोर येतो. केवढा आनंद होतो नाही का, माझ्या कलमाला मोहोर आला! पण जाणता बागायतदार काय करतो, पहिली तीन-चार वर्षं तो मोहोर खुडून टाकतो. जीव हळहळतो पण खुडतो, कारण एवढ्याशा झाडाने फळ धरलं तर त्याची सगळी ताकद फळात जाते, खोड बारीक राहतं, मूळ खोल जात नाही.

स्टेजवरची साक्ष म्हणजे तो मोहोर आहे रे. आत्ता नको.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला पहिलं पत्र लिहिलं त्यात तिसऱ्या अध्यायात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा ते आहे, त्यात तो नवशिका नसावा असं म्हटलंय, नाहीतर गर्वाने फुगेल. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे 'निओफितोस', त्याचा सरळ अर्थ नव्याने लावलेलं रोप! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बागेत जाऊन उगाच एका लहान कलमाजवळ बसले होते कितीतरी वेळ. आणि स्वतः पौलाचं बघ, दिमिष्काच्या वाटेवर त्याला येशूचं दर्शन झालं, एवढं मोठं घडलं, त्यानंतर तो काय लगेच यरुशलेमेत मोठ्यांना भेटायला गेला नाही, गलतीकरांच्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहिलंय की अरबस्तानात गेला, मग दिमिष्कात परत आला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेला गेला. तीन वर्षं. त्यातलं अरबस्तानात काय झालं ते कोणालाच माहीत नाही, त्याने सांगितलंच नाही.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी नर्स होते, चोवीस वर्षांची, बाप्तिस्म्यानंतर दुसऱ्याच महिन्यात मला एका सभेत उभं केलं. समोर माणसं भरपूर, माइक हातात, आणि सगळे मान हलवतायत म्हटल्यावर मी वाढवत गेले. मी म्हणाले आमच्या घरात अंधार होता. अंधार! ज्या आईने डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार करून मला नर्सिंगला घातलं, रात्री कंदिलाची काच पुसून माझ्यासमोर ठेवली, तिच्या घराला मी अंधार म्हणाले. आमच्या वाडीतलं कोणीतरी तिथे होतं, बातमी घरी पोचली. आई मला एक शब्द बोलली नाही. पण पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा तिन्हीसांजेला दिवा लावताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, रोज हाक मारायची ती हाक मारली नाही. ते मला आज पण दिसतं.

म्हणून म्हणते, व्हिडिओ तर नकोच. तो तुझ्या गावच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी येईल आणि तुझी आई तो कोणाच्या तरी फोनवर बघेल. तुझी खरी साक्ष म्हणजे तू दोन वर्षं वाचत होतास, तुला कोणी ओढलं नाही, येशूवर विश्वास बसला, आणि आता पेट्यांचे पैसे परत करतोयस. ही साक्ष तीन वर्षांनी दिलीस तर जास्त चांगली होईल, तोपर्यंत कोणी घरी चहा पिता-पिता विचारलं तर सांग, पेत्राने लिहिलंय तसं, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार रहा पण सौम्यतेने आणि आदराने. पाळकांना जाऊन भेट आणि शांतपणे सांग की मला आत्ता उभं राहायचं नाही. ते चिडतीलच असं समजू नकोस, ही माणसं तुझ्यावर प्रेम करणारी असतील, त्यांनी तुला वचन शिकवलं, माझ्या एका पत्रावरून मंडळी सोडू वगैरे नकोस. विश्वास एकट्याने कणकवलीच्या खोलीत बसून टिकत नाही, सोबत लागते, त्यातल्या त्यात एखादा म्हातारा विश्वासी शोध, फार न बोलणारा, आणि पेटीची गोष्ट त्याला तोंडाने सांग. फक्त कोणी आशीर्वादासाठी पैसे मागायला लागलं, औषधं बंद कर म्हणायला लागलं, नाहीतर घरच्यांचा तिरस्कार शिकवायला लागलं, तर तिथून उठून ये. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं सुद्धा रोज शास्त्र उघडून तपासलं आणि बायबलमध्ये त्यांचं कौतुकच आहे.

प्रार्थनेचं. तू लिहिलंस शब्द येत नाहीत. मला एक शंका आहे, तू कोणाच्या भाषेत प्रार्थना करतोस? मंडळीत जी चालते ती, 'हे कृपाळू परमपित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होतो' वाली? ती सुंदर आहे, पण ती तुझी नाही अजून. तू आईशी, मित्रांशी, गिऱ्हाइकाशी मालवणीत बोलतोस आणि देवाशी बोलताना एकदम दुसऱ्याचा शर्ट घालतोस, मग तो कुठेतरी काचणारच. आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात ना, घरातला जाणता उभा राहतो आणि सरळ सांगतो की असं असं झालंय, ही चूक झाली असेल, ही अडचण आहे, आता तू बघ, आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते गाऱ्हाणं तू आता त्या देवापुढे घालणार नाहीस हे मला माहीत आहे, पण ते सरळ बोलणं तुझ्या रक्तात आहे, ते का टाकतोस? रात्री दिवा बंद करून म्हण, 'येशू, आज माका काय सुचना नाय. ता पेटयेचा मनातसून जायना नाय. माका धीर दी.' झाली प्रार्थना. स्तोत्रसंहिता उघडून बघ, १५० स्तोत्रं आहेत, त्यातली कितीतरी निव्वळ तक्रार आहे, १३ वं सुरूच होतं किती वेळ, परमेश्वरा, किती वेळ असं विचारत, आणि ८८ वं तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, ते पण प्रार्थना म्हणूनच ठेवलंय. काही वाटत नाही म्हणजे देव गेला असं नाही. खाडीला ओहोटी लागली की आपल्या बायका काय घरी बसतात? टोपली घेऊन कालवं-तिसऱ्या काढायला तेव्हाच जातात. तू पण या दिवसात मार्कचं शुभवर्तमान घे, सोळाच अध्याय आहेत, चारातलं सगळ्यात लहान, रोज एक वाच, काही वाटो न वाटो.

आणि आपल्या भाषेतला विश्वास हे काही नवीन खूळ नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री १५७९ ला गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांनी त्याला सांगितलं की आमची जुनी पुराणं सुटली, आता आम्ही वाचायचं काय, आमच्यासाठी पण एखादं पुराण हवं. मग त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ ला राचोलला छापलं, दहा हजारांवर ओव्या, आणि स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर तुझ्यासारखीच नवी माणसं तुझ्यासारखंच विचारत होती. तुझे चुलतभाऊ गोऱ्यांचा धर्म म्हणून चिडवत असतील तर भांडू नकोस, पण मनात ठेव की सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने कल्लियाना या बंदरात ख्रिस्ती लोक आणि त्यांचा बिशप असल्याचं लिहून ठेवलंय आणि बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण समजतात. आणि हापूस तरी काय, नाव अफोन्सोवरून आलं, पोर्तुगीज आले आणि गोव्यात कलमं व्हायला लागली, आज देवगडात कोणी त्याला परका म्हणून दाखवावं!

आता चतुर्थी. जा.

मी सहा चतुर्थ्या गेले नव्हते, मला पण असंच सांगितलं होतं, आणि ती सहा वर्षं मला कोणी परत देणार नाही. सातव्या वर्षी आईचा पाय मोडला म्हणून गेले. देवापुढे उभी राहिले नाही, आरतीला मागच्या पडवीत होते, पण चार दिवस भांडी, पाणी, आल्या-गेल्याचा चहा, आईला उठवणं-बसवणं, सगळं केलं. शेवटच्या दिवशी काकू कोणाला तरी सांगत होती ते मी ऐकलं, 'देवापुढे येवक नाय, पण चार दिस पाठ टेकूक नाय चेडवान.' सहा वर्षं न जाऊन मी जे सांगू शकले नाही ते त्या चार दिवसात सांगून झालं होतं.

बायबलमधलं २ राजे, पाचवा अध्याय काढ. नामान, अरामाचा सेनापती, कुष्ठरोग बरा झाला, खऱ्या देवावर विश्वास बसला, आणि निघताना तो अलीशा संदेष्ट्याला विचारतो की माझा राजा रिम्मोनच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मला त्याच्याबरोबर वाकावं लागतं, याची परमेश्वर मला क्षमा करो. नवा विश्वासी, पहिलाच दिवस, आणि अडचण तुझ्यासारखीच. अलीशा काय म्हणतो? फक्त एवढंच, शांतीने जा. नियमांची यादी देत नाही. म्हणून मी पण तुला यादी देणार नाही, थोडं मला जमलं ते सांगते. आईला आणि काकांना आठ दिवस आधी फोनवर सांग की मी येतो, कामाला सगळ्या आहे, पूजेला आणि आरतीला मी नसेन, रागावू नका. सगळे पाहुणे जमल्यावर ऐन आरतीच्या वेळी सांगितलंस तर तो आईचा अपमान होईल. साफसफाई, रंग, नारळ सोलणं, बाजार, म्हाताऱ्यांना स्टँडवरून आणणं, हे सगळं तुझं. गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान आणायला रानात जायचं की नाही हे तुझ्या मनाला विचार, इथे विश्वासी माणसं वेगवेगळं मत धरतात आणि मला तुझ्या मनावर हात ठेवायचा नाही. खाण्याचं पौलाने करिंथकरांना सविस्तर लिहिलंय, पहिल्या पत्रात आठवा ते दहावा अध्याय, अन्नात काही नाही, पण माणसाच्या मनात काय आहे ते बघ. प्रसादाचं तुला नको वाटलं तर चारचौघात हात मागे घेऊ नकोस, आईला आधी सांग, नैवेद्याचे मोदक पहिल्या वाफेचे असतात, नंतर मोदकपात्र दोन-तीनदा चढतंच, ती तुला त्यातले देईल, आयांना असली गणितं बरोबर जमतात. काळ्या वाटाण्याची आमटी आहेच.

आणि घरात कोणाच्या देवाबद्दल वाकडा शब्द नको, मनात पण नको. इफिसात पौलाच्या सोबत्यांवर जमाव उठला तेव्हा तिथल्या नगराच्या कारभाऱ्यानेच सांगितलं की या माणसांनी देवळं लुटली नाहीत की आपल्या देवीची निंदा केली नाही. प्रेषितांची कृत्ये, १९. पौल तिथे दोन वर्षांहून जास्त शिकवत होता, तरी त्याच्या लोकांबद्दल परका माणूस असं म्हणू शकला.

घरचे कधी समजून घेतील हे मी सांगू शकत नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. आधी ताटातूट, मग एकत्र राहायला लागले तरी लक्ष्मीबाई आपलं सोवळं सांभाळून होत्या, आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या विचाराने. मधली पाच वर्षं दोघांनी काय सोसलं असेल. मी हे तुझी आई पण एक दिवस येईल या आशेने सांगत नाहीये, तसं मनात धरून तिची सेवा केलीस तर तिला ते लगेच कळेल. सेवा कर ती ती आई आहे म्हणून.

आईच्या प्रश्नापाशी येते, तो मी शेवटी ठेवला कारण मला त्याची भीती वाटत होती. 'माका अग्नी कोण देतलो' हे ती धर्माचं विचारत नाहीये झिला. तू अजून माझा आहेस ना, एवढंच ती विचारतेय, आणि तू गप्प बसलास. योसेफ बघ, मिसर देशात एवढा मोठा अधिकारी, पण बाप वारला तेव्हा त्याच्या शब्दाप्रमाणे त्याला कनान देशात नेऊन आपल्या हाताने पुरलं. येशू वधस्तंभावर होता, श्वास पुरत नव्हता, तेव्हा त्याने आईला योहानाच्या हाती सोपवलं. आईची शेवटची सोय हा विश्वासाच्या बाहेरचा विषय नाही. माझं मत विचारशील तर आईच्या चितेला मुलाने अग्नी देणं हे तिच्या देहाचा मान राखणं आहे, मूर्तिपूजा नाही, काही विश्वासी याला हो म्हणणार नाहीत, त्यांचा पण मी आदर करते. पिंड, मंत्र, दहावं-बारावं हे तुला जमणार नसेल तर चुलतभावाशी बसून मोकळेपणाने ठरव की ते तू कर, खांदा मी देणार, अग्नी मी देणार, खर्च माझा, आणि तेरा दिवस मी घर सोडून हलणार नाही. ठरलं की आईला सांग. फोनवर नको. कणकवलीहून देवगडची एसटी आहे, शनिवारी ये, तिच्याजवळ खाली बस आणि सांग, 'आये, मी देतलंय.' मग ती रडली तर रडू दे, लगेच काही समजवायला जाऊ नकोस.

चतुर्थीनंतर मला कळव. पेट्यांचं पण.

— तुझी मावशी